मुक्या माराला बोलते करणारा माणूस

सिटी स्कॅनच्या अहवालात काही ठिकाणी 'एचयू' ही दोन अक्षरे आणि त्यांच्याआधी एक आकडा दिसतो. ६५ एचयू, ३० एचयू, उणे ७० एचयू. अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये किंवा अमरावतीच्या इर्विनमध्ये अहवाल हातात घेऊन उभ्या असलेल्या नातेवाइकांची नजर या आकड्यांवरून घसरत थेट शेवटच्या ओळीवर जाते, आणि ते साहजिकच आहे. पण डोक्यात साचले आहे ते रक्त की पाणी, ते ताजे की जुने, कवटीचे हाड झिजले की जाड झाले, हे त्या आकड्यांवरून ठरते. एचयू म्हणजे हाउन्सफिल्ड युनिट. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड हे एका इंग्रज अभियंत्याचे नाव. ते डॉक्टर नव्हते, आणि विद्यापीठाची पदवीही त्यांच्याकडे नव्हती.

त्यांचा जन्म २८ ऑगस्ट १९१९ चा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातला. पहिले महायुद्ध संपल्यावर वडिलांनी एक छोटी शेती घेतली होती. पाच भावंडांत गॉडफ्रे सर्वांत धाकटा. मोठ्या भावाबहिणींचे खेळ वेगळे, त्यामुळे हा बराचसा एकटाच असे आणि शेतावरच्या यंत्रांशी खेळे. मळणी यंत्र, पेंढ्या बांधणारे यंत्र, विजेचा जनित्र, जे सापडेल ते उघडून पाहायचे. घरी केलेले पंख लावून गवताच्या गंजीवरून उडी मारण्याचे प्रयोग त्याने केले. डांबराच्या पिंपात पाणी भरून, त्यात ॲसिटिलीन वायू पेटवून पिंप किती उंच उडते हेही पाहिले, आणि त्यात तो थोडक्यात वाचला. डोक्याच्या दुखापतीचे निदान ज्याच्यामुळे सोपे झाले, त्याचे स्वतःचे टकुरे लहानपणी शाबूत राहिले हा योगायोगच म्हणायचा.

नेवार्कच्या शाळेत त्याला फक्त गणित आणि भौतिकशास्त्र रुचले. बाकी विषयांत तो मागेच होता. दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या तोंडावर तो स्वयंसेवक म्हणून हवाई दलात गेला, तिथे रेडिओ आणि मग रडार शिकला, आणि लवकरच इतरांना शिकवू लागला. त्याचे काम पाहून एका वरिष्ठ अधिकाऱ्याने युद्धानंतर त्याला शिष्यवृत्ती मिळवून दिली. लंडनच्या फॅरडे हाउस या अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्याने पदविका घेतली. औपचारिक शिक्षण इथे संपले. पुढे १९५० च्या आसपास ते ईएमआय या कंपनीत लागले. लोकांना ही कंपनी गाण्यांच्या तबकड्यांसाठी माहीत होती, पण तिचा इलेक्ट्रॉनिक्सचा मोठा विभागही होता. तिथे हाउन्सफिल्ड यांच्या गटाने १९५८ च्या सुमारास ब्रिटनमधल्या पूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या पहिल्या काही संगणकांपैकी एक तयार केला.

त्यानंतरचा एक प्रकल्प कंपनीने बंद केला. हाउन्सफिल्ड यांच्याकडे काम उरले नाही, तेव्हा काही नवे सुचते का पाहा, असे त्यांना सांगण्यात आले. रानोमाळ लांबवर पायी भटकणे हा त्यांचा आवडता छंद. अशाच एका भटकंतीत त्यांच्या डोक्यात प्रश्न आला, की एखादी पेटी न उघडता, तिच्यातून सर्व बाजूंनी किरण पाठवून, आत काय आणि नेमके कुठे आहे हे काढता येईल का? हे साल १९६७.

बाजार समितीत धान्याचे पोते न उसवता परखी घालून आतला माल पाहतात. एकाच बाजूने परखी घातली तर तेवढ्याच रेषेतले दाणे कळतात. हाउन्सफिल्ड यांची परखी क्ष-किरणांची होती आणि ती त्यांनी चहूबाजूंनी घातली. एका रेषेतून गेलेला किरण किती क्षीण होऊन बाहेर आला, हे मोजले की त्या रेषेवरच्या सगळ्या पदार्थांची बेरीज मिळते. अशा हजारो तिरक्या-सरळ रेषांच्या बेरजा हातात आल्या, की प्रत्येक चौकटीतला आकडा गणिताने काढता येतो. शब्दकोड्याशेजारी येणाऱ्या आकड्यांच्या कोड्यासारखाच हा प्रकार, फक्त चौकटी हजारो. ते सोडवायला संगणक हवा, आणि संगणक बांधलेला माणूस इथे होता.

तोवर डॉक्टरांकडे काय होते? साधा एक्स-रे, ज्याला आपल्याकडे आजही 'फोटो' म्हणतात. त्यात कवटीचे हाड दिसते. मेंदू दिसत नाही. हाडाची भेग सापडली तरी आत रक्त साचले आहे का, हे कळत नाही, आणि हाड अभंग असले तरी आत रक्त असू शकते. १९१८ मध्ये वॉल्टर डँडी या अमेरिकी शल्यविशारदाने मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून फोटो काढण्याची युक्ती काढली. पुढे कमरेतून पाणी काढून हवा चढवणेही सुरू झाले. रुग्णाला भयंकर डोकेदुखी आणि उलट्या होत. १९२७ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांत औषध सोडून चित्र घेतले. या दोन्ही तपासण्यांत मेंदूऐवजी त्याच्या आजूबाजूला काय सरकले हे दिसे, आणि त्यावरून आतल्या बिघाडाचा अंदाज बांधावा लागे. अपघाताचा रुग्ण बेशुद्ध होत चालला तर कवटीला अंदाजाने छिद्रे पाडून रक्त सापडते का, हे पाहत. एका बाजूला नाही सापडले तर दुसऱ्या बाजूला.

हाउन्सफिल्ड यांचे पहिले यंत्र एका जुन्या लेथवर बसवले होते. किरणांचा स्रोत म्हणून अमेरिशियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य होते आणि ते इतके मंद, की एका चित्रासाठी लागणारी सुमारे २८,००० मापे घ्यायला ९ दिवस लागले. संगणकाला त्यांचे गणित सोडवायला आणखी अडीच तास. मग क्ष-किरणांची नळी बसवली तेव्हा ९ दिवसांचे ९ तास झाले. संग्रहालयातला जतन केलेला मानवी मेंदू त्यांनी तपासला. चित्र छान आले, पण जतनाच्या रसायनामुळे तर ते तसे आले नाही ना, अशी त्यांना शंका आली. म्हणून कत्तलखान्यातून गोऱ्ह्यांचे ताजे मेंदू आणून पुन्हा तपासले. हे मेंदू पिशवीत घालून लंडनच्या गर्दीतून नेणारा हा अबोल गृहस्थ शेजारच्या प्रवाशांना काय वाटला असेल कोण जाणे. पुढे त्यांनी स्वतःचे डोकेही यंत्रात घातले.

या खर्चाबद्दल एक कथा फार चालते. बीटल्सच्या गाण्यांवर ईएमआयला मिळालेल्या पैशातून सिटी स्कॅन जन्माला आले, असे सांगतात. ऐकायला गोड आहे, पण अर्धवट खरी. कंपनीने पैसा घातला, मात्र त्याहून मोठा वाटा ब्रिटनच्या आरोग्य खात्याने उचलला होता. सरकारी पैशाचे श्रेय गाण्यांना जावे, हे सरकारी दवाखान्यांच्या वाट्याला नेहमी येणाऱ्या न्यायाला धरूनच झाले.

विम्बल्डनमधल्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयातले क्ष-किरणतज्ज्ञ जेम्स अँब्रोज यांनी हाउन्सफिल्ड यांना साथ दिली. इतर काही तज्ज्ञांना हा अभियंता काय म्हणतो आहे, ते नीट उमगले नव्हते. १ ऑक्टोबर १९७१ या दिवशी तिथे पहिल्या रुग्णाचा मेंदू स्कॅन झाला. एका बाईच्या मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याचा संशय होता. तिचे डोके रबरी टोपीत घालून पाण्याच्या पेटीत बसवले. एका कापासाठी जवळपास साडेचार मिनिटे लागत आणि तेवढा वेळ हलायचे नाही. मापे चुंबकीय फितीवर घेऊन ती फीत ईएमआयच्या संगणकाकडे पाठवली. चित्र परत आले तेव्हा त्यात मेंदूच्या करड्या रंगात एक गोल काळा डाग स्पष्ट दिसत होता. शस्त्रक्रियेत त्याच जागी, तशाच आकाराची गाठ निघाली. चित्रात चौकटी होत्या ८० गुणिले ८०, म्हणजे ६,४००. आज सर्रास ५१२ गुणिले ५१२, म्हणजे २,६२,१४४ चौकटी असतात आणि अख्खे डोके काही सेकंदांत होते. एप्रिल १९७२ मध्ये लंडनच्या परिषदेत ही चित्रे दाखवली गेली आणि पुढच्या दोन-चार वर्षांत जगभरच्या मोठ्या रुग्णालयांनी यंत्रांसाठी रांग लावली.

हाउन्सफिल्ड यांचे खरे देणे चित्राहून त्यामागच्या आकड्यांत आहे. त्यांनी पाण्याला शून्य धरले. हवा त्या खाली, हाड वर. ईएमआयच्या मूळ मोजपट्टीत हवा उणे ५०० आणि हाड ५०० होते. पुढे हे आकडे दुप्पट करून हवा उणे १,००० आणि घट्ट हाड १,००० असे झाले व मोजपट्टीला त्यांचे नाव मिळाले. फार टणक हाड त्याच्याही वर जाते. चरबी उणे ५० ते उणे १००. मेंदूभोवतीचे पाणी शून्याच्या जरासे वर. मेंदू साधारण २० ते ४५. गोठलेले ताजे रक्त ५० ते ८०. साध्या फोटोत मेंदू, पाणी आणि रक्त यांत फरकच दिसत नाही. हे यंत्र अर्ध्या टक्क्याचा फरक पकडत होते.

ताजे रक्त पांढरे दिसते याचे कारण लोह असावे, असे अनेकांना वाटते. तसे नाही. रक्त गोठते तेव्हा पाणी बाहेर पडते आणि लाल पेशींतले प्रथिन दाटते. त्या दाटपणामुळे आकडा वाढतो. दिवस जातात तसे हे प्रथिन विरघळते. दोन-तीन आठवड्यांनी रक्ताचा आकडा मेंदूएवढाच होतो आणि ते दिसेनासे होते, त्यानंतर ते मेंदूहून काळे दिसू लागते. शेतातून येताना बैलगाडीवरून किंवा ओसरीवरून पडलेले आजोबा दीड महिन्यानंतर बरळू लागतात, एक पाय ओढतात. घरच्यांना वाटते वय झाले. पडल्याचे कुणाला आठवतही नाही. स्कॅनमध्ये कवटीच्या आतून काळसर चंद्रकोर दिसते. हे मेंदूच्या जाड आवरणाखालचे जुने रक्त. एका-दोन छिद्रांतून ते काढले, की बरेचसे आजोबा पुन्हा ओळखू लागतात. अहवालातली चंद्रकोर आणि तिचा आकडा म्हणूनच महत्त्वाचा.

दुसरा आकार मसुराच्या दाण्यासारखा, दोन्ही बाजूंनी फुगीर. हे कवटी आणि आवरण यांच्यामधले रक्त. कानाच्या वरचे हाड पातळ असते, त्याला भेग पडली की त्यालगतची धमनी फाटते. दुचाकीवरून पडलेला तरुण उठतो, कपडे झटकतो, चहा पितो, घरी फोन करतो, आणि तासा-दोन तासांनी झोपतो. ही झोप नसते. आपल्याकडे ज्याला मुका मार म्हणतात, तो हाच. बाहेर टेंगूळही नसते कधी कधी. हे रक्त वेळेत काढले तर माणूस ठणठणीत होतो, उशीर झाला तर हातचा जातो. अमरावतीहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर आणि अकोल्याहून सुमारे २५०. स्कॅनसाठी तिथवर जावे लागे त्या काळात ही वेळ रस्त्यातच संपे. आता दोन्ही शहरांत स्कॅन होतो. तरीही मूर्तिजापूर किंवा दर्यापूरकडून निघालेल्या रुग्णाचा पहिला तास गाडी शोधण्यात जातोच.

जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरची मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत तयार करून गिनीजमध्ये विक्रम नोंदवला गेला. रस्ता गुळगुळीत झाला, गाड्यांचा वेग वाढला, कवटीची जाडी मात्र तीच आहे. हेल्मेट डिकीत ठेवून जाणाऱ्याला हे गणित पटत नाही.

स्कॅनमध्ये हाड पाहण्याची तऱ्हा वेगळी. आकडे उणे १,००० पासून हजाराच्या पलीकडपर्यंत, आणि माणसाच्या डोळ्याला करड्या रंगाच्या जेमतेम काही डझन छटा ओळखता येतात. म्हणून हव्या त्या आकड्यांपुरतीच खिडकी उघडतात. मेंदूची खिडकी लावली, की सगळे हाड एकजात पांढरे होते आणि भेग बुजून जाते. हाडाची खिडकी लावली, की मेंदू सपाट राखाडी होतो आणि हाडाची रेघ न रेघ दिसते. रुग्ण पुन्हा यंत्रात घालावा लागत नाही. तेच आकडे, दुसरी खिडकी. अहवालाबरोबर मिळणाऱ्या फिल्मवर दोन प्रकारची चित्रे असतात ती यामुळे. आणखी एक, चित्रात डावीकडे दिसते ती रुग्णाची उजवी बाजू. आपण त्याच्या पायाकडून पाहत असतो. हे माहीत नसल्याने घरोघरी उगाच गोंधळ होतो.

हाडाच्या खिडकीतून कधी कधी मार लागलेल्या माणसात भलताच आजार सापडतो. कवटीत पंचने पाडावीत तशी गोल छिद्रे दिसली, तर अस्थिमज्जेचा कर्करोग किंवा दुसरीकडून हाडात पसरलेला कर्करोग यांचा शोध घ्यावा लागतो. एखाद्या तरुणाचे कपाळ वर्षानुवर्षे एका बाजूने फुगत जाते आणि आतले हाड दुधी काचेसारखे दिसते. हा कर्करोग नव्हे, हाडाच्या घडणीतला दोष. वयस्क स्त्रियांत कपाळाचे हाड आतून जाड झालेले बऱ्याचदा आढळते आणि त्याला काहीच करावे लागत नाही, तरी अहवालातला तो शब्द वाचून घर हवालदिल होते. वर्षानुवर्षे कान फुटत असेल, घाण वास येत असेल, तर कानामागचे हाड कुरतडले जाऊन पू मेंदूपर्यंत पोहोचतो. हे स्कॅनमध्ये चांगले दिसते, पण तोवर थांबू नये.

विदर्भात सिकलसेल आहे. मेळघाटातून आणि वऱ्हाडातल्या गावांतून येणाऱ्या अशा काही मुलांच्या कवटीत रक्त तयार करणाऱ्या मज्जेने जागा वाढवलेली असते. हाडाची बाहेरची पाटी पातळ होते आणि मधल्या भागात उभ्या रेघा दिसतात, जणू केस ताठ उभे राहिले आहेत. या मुलांत क्वचित मार न लागताही कवटीचे हाड रक्ताअभावी दुखावते आणि त्याच्याखाली रक्त साचते. डोके अचानक फार दुखू लागलेले सिकलसेलचे मूल म्हणून सरळ स्कॅनसाठी पाठवावे. आणि हिमोग्लोबिन खूप उतरलेले असेल, तर ताजे रक्तही हवे तितके पांढरे दिसत नाही, कारण दाटायला प्रथिनच कमी. अशा रुग्णाच्या कागदावर हिमोग्लोबिनचा आकडा लिहिलेला असेल तर स्कॅन वाचणाऱ्याची चूक टळते.

या यंत्रालाही मर्यादा आहेत. अपघातानंतर लगेच काढलेला स्कॅन कोरा येऊ शकतो आणि रक्त नंतर वाढू शकते. जोराच्या झटक्याने मेंदूचे तंतू सर्वत्र तुटले असतील तर चित्र जवळजवळ निर्दोष आणि माणूस मात्र बेशुद्ध, असे होते. म्हणून डॉक्टर रुग्णाला तासातासाला हाक मारून पाहतात, डोळ्यांत बॅटरी टाकतात. ते वेळकाढूपणा नव्हे. मारानंतर शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झटका आला, बोलणे विसंगत झाले, नाका-कानातून रक्त किंवा पाणी आले, वय साठीच्या पुढे आहे किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, तर स्कॅन लागतो. उलट, पाळण्यातून पडून लगेच रडलेल्या, मग दूध पिऊन खेळणाऱ्या मुलासाठी तो सहसा लागत नाही. त्याच्यावर एक-दोन दिवस लक्ष ठेवले तर पुरते. डोक्याच्या एका स्कॅनमधून साधारण २ मिलिसिव्हर्ट किरणे मिळतात, म्हणजे निसर्गातून वर्षभरात मिळतात त्याच्या जवळपास. मोठ्यांना गरजेपुरती ती फार नाहीत, पण मुलांना विनाकारण देऊ नयेत.

हाउन्सफिल्ड यांना १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले ते ॲलन कॉरमॅक यांच्यासोबत. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या या भौतिकशास्त्रज्ञाने याच कोड्याचे गणित १९६३-६४ मध्ये प्रसिद्ध केले होते आणि त्याची फारशी कुणी दखल घेतली नव्हती. हाउन्सफिल्ड यांनी ते वाचले नव्हते, स्वतंत्रपणे आपली वाट काढली होती. वैद्यकाचे नोबेल एक अभियंता आणि एक भौतिकशास्त्रज्ञ घेऊन गेले, आणि दोघांपैकी एकाकडेही डॉक्टरेट नव्हती. १९८१ मध्ये ब्रिटिश राणीने त्यांना सर ही पदवी दिली.

राहणीत फरक पडला नाही. त्यांनी लग्न केले नाही. आयुष्याचा मोठा काळ स्वतःचे कायमचे घरही नव्हते. पियानो वाजवावा, डोंगरांत चालावे आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवावा. कंपनीला मात्र हे यंत्र पचले नाही. अमेरिकी कंपन्यांनी जलद यंत्रे काढून बाजार घेतला आणि ईएमआय काही वर्षांतच या धंद्यातून बाहेर पडली. हाउन्सफिल्ड निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले, एमआरआयच्या कामातही त्यांनी हात घातला, आणि १९८६ मध्ये निवृत्त झाल्यावरही रुग्णालयांना सल्ला देत राहिले. ज्या रुग्णालयात पहिला स्कॅन झाला ते २००३ मध्ये बंद होऊन त्याचे विभाग टूटिंगच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात गेले. पुढच्याच वर्षी, १२ ऑगस्ट २००४ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी हाउन्सफिल्ड वारले. त्यांच्या सुरुवातीच्या यंत्रांपैकी काही आता लंडनच्या विज्ञान संग्रहालयात ठेवलेली आहेत.